मासा कोणत्या मजल्यावर आहे?



मागच्या महिन्यात पानावर एक फोटो टाकला होता. पत्र्याच्या नावेच्या कडेला बसवलेली चरखी आणि तिच्या तारेला टांगलेलं धान्याच्या काट्याचं ५ किलोचं लोखंडी माप. तेव्हापासून विचारणा सुरू आहे. "भाऊ, हे कुठं भेटते? केवढ्याला पडते? याच्यानं मासा जास्त सापडते का?" एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. त्या यंत्राला डाउनरिगर म्हणतात. आपल्याकडं ते कशाला कामाचं आहे आणि कशाला नाही, हे आम्ही या उन्हाळ्यात करून पाहिलं.

आधी पैशाचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

माझं शेत रामटेक-पारशिवनी पट्ट्यात, एका जलाशयाला लागून आहे. वरच्या बाजूला धान आणि थोडी संत्रा. पाणी उतरलं की खाली थोडी गाळपेर. शेततळ्यात मत्स्यबीज वाढवतो आणि बोटुकली झाली की गावच्या मच्छीमार सोसायटीला देतो. सोसायटीत २२ घरं, बहुतेक ढिवर समाजाची. जलाशय त्यांच्याकडं ठेक्यानं आहे. पावसाळ्यात बोटुकली सोडायची, हिवाळ्यापासून मासा काढायचा, तो विकून ठेक्याचा हप्ता भरायचा आणि माझ्यासारख्यांची उधारी चुकवायची, असं ते चक्र.

यंदा एप्रिलच्या मध्यापासून जाळी रिकामी येऊ लागली. आठ जाळी रात्रभर टाकून सकाळी सहा-सात किलो मासा. डिझेल आणि बर्फाचा खर्चही निघेना. मेच्या पहिल्या आठवड्यात बैठक झाली. कोणी म्हणे चोरी झाली, कोणी म्हणे पाणी सोडलं तेव्हा मासा कालव्यात गेला. दोघा-तिघांनी माझ्याकडं पाहून सांगितलं, "बीजच कमजोर होतं." जूनअखेर हप्ता भरायचा होता. भरला नाही तर ठेका सोडावा लागणार आणि पुढच्या वर्षी कोणी बाहेरचा ठेकेदार येऊन बसणार. माझी उधारी तर होतीच, पण "याचं बीज मरते" अशी बोलवा एकदा पसरली की पुढं कोण घेणार?

बैठकीत एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. जाळं किती खोलीवर टाकलंय, आणि मासा त्या खोलीवर आहे का?

यंत्र काय आहे

माझा पुतण्या अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरीला आहे. तिथं मोठ्या सरोवरावर मासे धरायला जातो. सुट्टीवर येताना त्यानं जुना, हातानं फिरवायचा डाउनरिगर आणला. विमानात वजन भारी पडते म्हणून त्याचा गोळा तिथंच ठेवला. म्हणून आम्ही धान्याच्या काट्याचं माप लावलं, त्याला वर कडी असतेच.

त्यांच्याकडच्या मासेमारीला ट्रोलिंग म्हणतात. फेसबुकवरचं नव्हे बरं का. नाव हळूहळू चालत ठेवायची आणि मागं गरी ओढत न्यायची. गरीला चमकता पत्रा किंवा नकली मासा लावलेला. अडचण अशी की नाव चालू असली की गरी वर येते. साधं शिसं बांधून ती दहा-पंधरा फूट खाली राहील, पण ६० फुटांवर राहणार नाही. आणि जास्त वजन बांधलं तर मासा लागल्यावर माशासोबत वजनही ओढत बसावं लागते.

डाउनरिगर हा पेच असा सोडवतो. वजनासाठी वेगळी पोलादी तार आणि वेगळी चरखी. चरखीला आकडे दाखवणारं मीटर, तार किती फूट सोडली ते कळते. गोळा साधारण ४ ते ५ किलोचा. गोळ्याजवळ एक चिमटा. गरीची दोरी आधी मागं वीस-तीस फूट सोडायची, मग ती चिमट्यात धरवायची आणि गोळा हव्या त्या खोलीवर उतरवायचा. गोळ्यासोबत गरीही जाते. वर काठी वाकून ताणात उभी असते. मासानं गरी ओढली की चिमटा दोरी सोडून देतो, काठी सरळ होते. मग मासा आणि माणूस यांच्यात फक्त दोरी. गोळा बाजूला राहतो, तो नंतर चरखीनं वर घ्यायचा.

हे तिथं इतकं का पसरलं, त्याला कारण आहे. मिशिगन सरोवर जास्तीत जास्त २८१ मीटर खोल आहे. समुद्रातून शिरलेल्या लँप्री नावाच्या परजीवी माशानं तिथला मोठा ट्राउट मासा जवळपास संपवला होता. मोठा मासा गेला म्हणून एलवाइफ हा बारका मासा बेसुमार वाढला. तो खाणारा कोणी हवा म्हणून १९६६ साली पॅसिफिककडचा कोहो सामन तिथं सोडला, १९६७ साली चिनूक. हे थंड पाण्याचे मासे. त्यांना साधारण १० ते १३ अंशांचं पाणी मानवते. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की ते खाली उतरतात. त्या खोलीवर गरी नेमकी ठेवता आली तरच ते सापडतात. म्हणून त्या काळानंतर तिथल्या नावांवर हे यंत्र सर्रास दिसू लागलं.

आपल्या पाण्यात गणित उलटं

पुतण्याचा पहिला अंदाज त्याच्या अनुभवाप्रमाणं होता. "काका, वर ऊन आहे, मासा खाली थंड्यात गेला असेल. आपण तळाशी जाऊ."

आमच्या गावच्या जुन्या ढिवर बाबाजींनी मान हलवली. वय ७८. आता नावेवर जात नाहीत, काठावर बसून जाळं विणतात. ते म्हणाले, "नाई बाप्पा. वैशाखात खालचं पानी मेलेलं असते. तिथं मासा जाऊन का करन?"

दोघांचंही म्हणणं आपापल्या पाण्यापुरतं बरोबर. फरक कशानं पडतो ते समजून घ्या, शेततळं असणाऱ्यांना पुढं कामाला येईल.

गरम पाणी हलकं, थंड पाणी जड. उन्हाळ्यात वरचा थर तापतो आणि खालच्या थंड थरावर तरंगत राहतो. दोन्ही थर सहजी मिसळत नाहीत. त्यातही आपलं पाणी मुळातच गरम. १० अंशांच्या आसपास एक अंशानं पाणी जितकं हलकं होते, त्याच्या जवळपास तिप्पट ते ३० अंशांच्या आसपास एका अंशानं होते. म्हणून आपल्याकडं तीन-चार अंशांचा फरकही दोन थर वेगळे ठेवायला पुरतो.

आता प्राणवायू. तो वरून हवेतून येतो आणि उजेडात शेवाळ तयार करते. खालच्या थराला ना हवा, ना उजेड. मिशिगनसारख्या थंड, स्वच्छ सरोवरात तळाशी कुजणारा माल कमी आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, त्यामुळं उन्हाळ्यातही खाली श्वास घेता येतो. आपल्या जलाशयाच्या तळाशी गाळ, पालापाचोळा, बुडालेली झाडं, शेतातून वाहून आलेलं खत. ते कुजताना प्राणवायू खाऊन टाकते. वरून नवा येत नाही. मेपर्यंत तळ रिकामा.

म्हणजे तिकडं मासा थंडाव्यासाठी खाली जातो, इकडं श्वासासाठी वर येतो. आणि दुपारी अगदी वरचा हातभर थर फार तापला की त्याच्या थोडा खाली थांबतो. राहायला मधली एक पट्टी उरते.

कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी चरते, हे मत्स्यपालन करणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. तीन मजली घर. पण उन्हाळ्यात तळमजल्यावर प्राणवायूच नसला तर मृगळही वर येऊन राहते. घर तेच, तिघंही वरच्या दोन मजल्यांवर दाटीनं.

मोजमाप

वाद घालण्यापेक्षा मोजू म्हटलं. डाउनरिगर इथं पहिल्यांदा कामी आला, तो गरीसाठी नव्हे तर फूटपट्टी म्हणून. नाव थांबवली की तार सरळ खाली जाते आणि मीटरवर फूट दिसतात.

वजनाजवळ सलाईनची काचेची बाटली उलटी-सुलटी न होईल अशी बांधली. तोंडाला रबरी बूच, बुचाला वेगळी दोरी. ठरलेल्या खोलीवर गेल्यावर दोरीला हिसका दिला की बूच निघते, बुडबुडे वर येतात, बाटली तिथल्याच पाण्यानं भरते. वर घेतली की लगेच थर्मामीटर घालायचा, मग थेंबांच्या किटनं प्राणवायू पाहायचा. भरताना हवेशी थोडा संबंध येतो, म्हणून या पद्धतीत प्राणवायूचा आकडा खऱ्यापेक्षा किंचित जास्तच येतो. कमी दाखवला असेल तर तो खरा आणखी कमी आहे असं धरायचं.

मेचा दुसरा आठवडा, सकाळी सात, धरणाच्या भिंतीकडचा खोल भाग. माझ्या वहीतले आकडे असे:

पृष्ठभाग : ३१ अंश, प्राणवायू ७ पीपीएम
१० फूट : ३० अंश, ५.५ पीपीएम
१५ फूट : २९ अंश, ३.५ पीपीएम
२० फूट : २७ अंश, १ पीपीएम
३० फूट : २६ अंश, जवळपास शून्य

३० फुटांवरच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत होता. नावेतल्या चौघांनीही नाक दाबलं. आपल्या कार्प माशांना ५ पीपीएमच्या वर बरं वाटते, ३ च्या खाली त्रास सुरू होतो. म्हणजे या पाण्यात १५ फुटांखाली मासा राहणं कठीण.

आणि सोसायटीची आठही जाळी तळाशी, २८-३० फुटांवर लागत होती.

त्यांच्या बाजूनंही सांगतो. हिवाळ्यात वरचं पाणी थंड होऊन जड होते, खाली बसते, सगळा तलाव ढवळून निघतो. तळापर्यंत प्राणवायू पोहोचतो. डिसेंबर-जानेवारीत याच तळाच्या जाळ्यांना चांगली मृगळ लागली होती. जाळी तीच, जागा तीच, शिसंही तेवढंच. बदललं होतं पाणी, आणि ते काठावरून दिसत नाही.

आठपैकी सहा

बियाणं किंवा खताची चाचणी घेताना आपण एक वाफा तसाच सोडतो, फरक कळावा म्हणून. तसंच केलं. आठपैकी दोन जाळी तळाशीच ठेवली. सहा जाळ्यांचं शिसं कमी केलं आणि वरच्या दोराला थर्माकोलच्या तुकड्यांपासून ६-६ फुटांची दोरी बांधली. जाळ्याची उंची १० फूट, म्हणजे ते ६ ते १६ फुटांच्या पट्टीत लटकलं. फासा चार इंचांच्या खाली नको असं सगळ्यांनी ठरवलं, कारण बारका कटला आताच निघाला तर दिवाळीला काय काढणार?

पहिल्या सकाळी सहा जाळ्यांत ४१ किलो मासा. कटला जास्त, मग रोहू, आणि वरच्या पट्टीत पाच मृगळ. तळाची दोन जाळी रिकामी, वर काळा चिखल.

एका रात्रीवरून काही ठरवायचं नसते. अकरा रात्री तसंच चालू ठेवलं. तळाच्या दोन जाळ्यांना मिळून अकरा रात्रींत दोन मासे. वरच्या सहांना दोन रात्री सोडून बरा मासा लागत राहिला. त्या दोन रात्री वादळी वारा आणि अवकाळी पाऊस होता. त्यानंतर परत मोजलं तर वरचा चांगला थर १५ वरून १८ फुटांवर गेलेला. वाऱ्यानं वरचं पाणी आणखी खोलवर घुसळलं होतं. मग दोरी ८ फुटांची केली. एकदा मोजलं आणि हंगामभर तेच चाललं, असं होत नाही. वारा, पाऊस, पाणी सोडणं यानंतर परत मोजावं लागते.

बाबाजींना आकडे वाचून दाखवले. ते हसले. "आमी वावेनं मोजत होतो. दोन हात पसरले का एक वाव. वैशाखात अडीच वावेच्या खाली जाळं सोडू नोको, असं माह्या बापानं सांगतलं होतं." अडीच वाव म्हणजे साधारण १४ फूट. आमच्या किटनं १५ सांगितलं. आज तयार नायलॉनची जाळी शिसं ओवूनच बाजारातून येतात, त्यामुळं वावेचा हिशोब करायचं कोणाला कारण उरलं नाही.

आता ज्यांना खरंच गरी ओढायची आहे त्यांच्यासाठी

दोन संध्याकाळी आम्ही डाउनरिगर त्याच्या मूळ कामालाही लावला. एक शिंगाळा लागला, दोनदा वजन बुडालेल्या खुंटात अडकलं. त्यातून आणि पुतण्याच्या अनुभवातून निघालेल्या गोष्टी लिहितो.

१. कोणता मासा हवा ते आधी ठरवा. ओढत्या गरीमागं फक्त दुसऱ्याला खाणारा मासा धावतो. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव खातो, चमकत्या पत्र्यामागं येत नाही. मरळ मांसाहारी आहे, पण ती हवेतून श्वास घेते आणि उथळ, गवताळ काठाला राहते. तिला डाउनरिगरची गरजच नाही.

२. मीटरवरचा आकडा म्हणजे खोली नव्हे. नाव चालू असली की तार मागं तिरपी होते. ६० फूट तार सोडली आणि ती ३० अंशांनी तिरपी झाली तर गोळा सुमारे ५२ फुटांवर असतो. ४५ अंश झाली तर ४२ फुटांवर. तार जास्त तिरपी दिसली तर वेग कमी करा किंवा वजन वाढवा.

३. गरी माशाच्या थोडी वर ठेवा. बहुतेक शिकारी मासे वर पाहून झडप घालतात. खालून गेलेली गरी त्यांना दिसतही नाही. आपल्या जलाशयात तर उन्हाळ्यात चांगल्या थराच्या खाली गरी नेणं म्हणजे रिकाम्या घरात हाका मारणं.

४. चिमट्याचा ताण जमवावा लागतो. फार घट्ट ठेवला तर छोटा मासा लागून तसाच ओढला जातो, वर कळतच नाही. फार सैल ठेवला तर लाटेच्या झटक्यानंच सुटतो. पाण्यात सोडण्याआधी हातानं ओढून पाहा.

५. गोळ्यापासून गरीचं अंतर पाण्यावर ठरते. वरच्या थरात आणि नितळ पाण्यात मासा नाव आणि गोळ्याला बिचकतो, तिथं अंतर जास्त ठेवा. खोल आणि गढूळ पाण्यात कमी चालते.

६. वेग चालत्या माणसाएवढा, तासाला ३ ते ५ किलोमीटर. अधूनमधून हलकं वळण घ्या. वळणावर आतल्या बाजूची गरी मंदावते, बाहेरची वेग घेते. कोणत्या बाजूला मासा लागला त्यावरून वेग कमी हवा का जास्त ते कळते.

७. आपल्या जलाशयांच्या पोटात सागाचे, मोहाचे खुंट आहेत, जुन्या विहिरींची तोंडं आहेत. तळापासून निदान सहा-सात फूट वर राहा. पाणी उतरलेलं असताना काठाकाठानं फिरून खुंट कुठं आहेत ते लक्षात ठेवा. गाळपेर करणाऱ्याला ते बरोबर माहीत असते, त्याला विचारा.

८. हे सगळ्यात महत्त्वाचं. डोंग्यावर हे यंत्र बसवू नका. अरुंद डोंग्याच्या एका कडेला तार अडकली आणि नाव पुढं चालत राहिली तर डोंगा उलटायला क्षण पुरतो. रुंद, स्थिर नाव हवी. तार कापायची पक्कड हाताशी ठेवा, तार हाताला गुंडाळू नका आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय जाऊ नका. पोहता येते म्हणून जॅकेट नको, असं म्हणणाऱ्यालाही सोबत घेऊ नका.

९. परवानगी. जलाशय ठेक्यावर असतो. सोसायटीला विचारल्याशिवाय गरी टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात शिरणं. तोतलाडोह तर पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथं मासेमारीला बंदी आहे, तिकडं जाऊच नका.

यंत्राविना काम भागवायचं असेल तर बाबाजींचा उपाय आहे. लांब दोरीला गरी. तिच्या वर हातभर अंतरावर दगड, पण दगड बांधायचा कुजक्या सुती दोऱ्यानं. दगड गरीला खाली नेतो. मासानं जोर केला किंवा दगड खुंटात अडकला की सुती दोरा तुटतो, दगड तळाशी राहतो, मासा आणि दोरी वर येते. पुतण्यानं ते हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "काका, हा तर माझा चिमटाच आहे." किंमत शून्य.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या मित्रांनी मामा तलावांबद्दल विचारलं होतं. ते तलाव बहुतेक उथळ, गवताचे. वारा लागला की वरचं-खालचं पाणी मिसळते. तिथं खोलीचे थर जास्त दिवस टिकत नाहीत आणि डाउनरिगर तर पहिल्याच गवतात अडकेल. तिथं गवत किती, गाळ किती, हेच पाहायचं.

शेततळेवाल्यांनो, हे तुमचंही आहे

२०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' मधून गावोगावी तळी झाली आणि अनेकांनी त्यात मासा सोडला. १० फूट पाणी म्हणजे काय खोली, असं वाटते. पण प्लास्टिक लावलेल्या, बांधामुळं वारा न लागणाऱ्या तळ्यात एवढ्या पाण्यातही थर पडतात.

धोका दोन वेळेला असतो. एक, ढगाळ दिवसानंतरची पहाट. दिवसा ऊन नाही म्हणून शेवाळानं प्राणवायू कमी तयार केला, रात्रभर मासे आणि शेवाळ दोघांनी तो वापरला, पहाटे चारला तो सगळ्यात कमी. दुसरी, उन्हाळ्यानंतरचा पहिला जोरदार पाऊस. थंड पाऊस वरच्या थराला जड करतो, वरचं पाणी खाली जाते आणि तळाचं मेलेलं पाणी सगळीकडं पसरते. सकाळी मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात. ते पाहून "पाऊस आला, मासे खूश आहेत" असं कोणी म्हटलं तर त्याला तिथंच थांबवा आणि पंप सुरू करा. एअरेटर नसेल तर तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून फवारा पडेल असं परत सोडा. त्या दिवशी खाद्य बंद, शेणखत बंद.

मोजायला डाउनरिगर लागत नाही. सुताची दोरी, दर फुटाला गाठ, टोकाला दगड, बाजूला बूच लावलेली बाटली. थर्मामीटर आणि प्राणवायूची किट. पहाटे आणि दुपारी, वर आणि तळाला, चार आकडे. आठवड्यातून एकदा वहीत लिहा, ढगाळ हवेत रोज. कृषी विज्ञान केंद्रात किंवा मत्स्य विभागात सल्ल्याला जाताना ही वही घेऊन जा. "मासे मरून राहिले" एवढंच सांगितलं तर समोरचा अंदाज सांगेल. आकडे दाखवले तर कारण सांगता येईल.

हिशोब

सोसायटीनं जूनअखेर ठेक्याचा हप्ता भरला. माझी अर्धी उधारी मिळाली, उरलेली दिवाळीच्या मासळीवर ठरली आहे. जाळ्यांत सापडलेला कटला-रोहू गेल्या पावसाळ्यात सोडलेल्या बोटुकलीचाच होता, वजनावरून ते सगळ्यांना कळलं. बीजाबद्दल आता कोणी बोलत नाही.

सोसायटीत नवा नियम झाला आहे. दर पंधरा दिवसांनी दोघा तरुण पोरांनी बाटली घेऊन जायचं, पाच खोलींवर मोजायचं आणि फळ्यावर लिहायचं. जाळ्याची दोरी त्या आकड्यावरून ठरणार. चरखी आणि मीटर मी त्यांच्याच नावेवर ठेवलं आहे, गरीसाठी नाही, मोजण्यासाठी. बाबाजींनी फळ्यावर फुटांच्या शेजारी वावेचा रकाना काढायला लावला. तोही भरला जातो.

ऑगस्टमध्ये नवीन पाणी आल्यावर आकडे कसे बदलतात ते लिहीन. तोवर तुमच्या तळ्याचे, तलावाचे आकडे काढून ठेवा, तेव्हा ताळा घेऊ.